वाचकांचे प्रश्न: अडगळीच्या डब्यातून कलाकृती कशी होते?

गेल्या अंकात सापडलेल्या, टाकून दिलेल्या वस्तू एकत्र आणून केलेल्या कलेवर, म्हणजे ज्याला असेंब्लाज म्हणतात त्यावर लिहिलं होतं, आणि त्यानंतर जेवढी पत्रं आली तेवढी या सदरात मी आजवर पाहिली नव्हती. बरेच प्रश्न एकमेकांत मिसळणारे होते म्हणून त्यातले सात घेतलेत, आणि पहिल्यावर जरा जास्तच रेंगाळणार आहे कारण बाकीचे बहुतेक सगळे कुठेतरी त्याच्यापाशीच येऊन थांबतात.

प्रश्न: ताई, माझ्याकडे तीन खोके भरून वस्तू आहेत. गंजलेल्या किल्ल्या, घड्याळाची चाकं, बटणं, तुटलेल्या बाहुलीचा हात, रेडिओचे नॉब. रस्त्यात काही दिसलं की उचलल्याशिवाय राहवतच नाही. पण एका बोर्डवर चिकटवलं की ते शाळेतल्या प्रोजेक्टसारखं दिसतं. मोठ्या आर्टिस्टच्या कामातही याच वस्तू असतात ना, मग तिथे असं काय होतं जे माझ्याकडे होत नाही?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मला माझा पहिला बॉक्स आठवला. चाळीसेक वस्तू बसवल्या होत्या त्यात, एक इंचही जागा रिकामी सोडली नव्हती आणि त्यातली प्रत्येक वस्तू माझी आवडती होती. महिनाभर तो समोर टेबलावर होता, येणारे-जाणारे बघायचे, 'वा, किती मेहनत घेतलीस' म्हणायचे आणि पुढे जायचे, कारण नजर टेकायला त्यात कुठे जागाच नव्हती.

आपल्या सगळ्यांना लहानपणी 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवलेलं असतं, बाटलीचा पेनस्टँड, सीडीचं वॉल हँगिंग वगैरे. ते चांगलंच आहे, पण तिथे वस्तूला तिचं आधीचं आयुष्य विसरायला लावायचं असतं, बाटली इतकी रंगवायची की बाटली ओळखूच येऊ नये. असेंब्लाजमध्ये ती वस्तू आधी काय होती हे बघणाऱ्याला दिसत राहिलं पाहिजे आणि त्याच वेळी ती आणखी काहीतरी झाली पाहिजे, दोन्ही एकदम. पिकासोचं १९४२ चं बैलाचं डोकं बघा, सायकलची सीट आणि सायकलचं हँडल, बास, दोनच वस्तू. सीटचं झालं तोंड, हँडलची झाली शिंगं. बैल दिसतो पण सायकल जात नाही, नजर एकदा बैलाकडे जाते, परत सायकलकडे येते, परत बैलाकडे, आणि हे जे मागे-पुढे होतं ना त्यातच त्या कामाचा जीव आहे. त्या सीटला डोळे रंगवले असते, केस लावले असते तर बैल जास्त खरा वाटला असता आणि काम तिथेच मेलं असतं. पुढे १९५१ मध्ये त्याने माकडीण आणि तिचं पिल्लू केलं, तिचं तोंड म्हणजे मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारगाड्या, एक सुलटी, तिच्या पोटाला पोट लावून दुसरी उलटी. गाडीची पुढची काच तिथे डोळ्यांच्या जागी येते. एकदा बघितलं की विसरता येत नाही.

तेव्हा आधी हे तपासा की तुमच्या बोर्डवर किल्ली ही किल्ली म्हणून आलीये की नुसता एक तपकिरी लांबट आकार म्हणून. प्रोजेक्टसारखं दिसतं ते बहुतेक वेळा याच्यामुळे, वस्तू नक्षी भरायला वापरल्या जातात.

आणि मग येतो शेजार, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमचीच किल्ली घ्या. कुलपाशेजारी ठेवली तर काहीच घडलं नाही, ती तिथे असणारच होती. बाहुलीच्या त्या तुटक्या हातात दिली तर लगेच प्रश्न पडतो की या लहान हाताला काय उघडायचंय किंवा काय बंद ठेवायचंय. तीच किल्ली झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बाटलीत ठेवली तर आणखी वेगळंच, जे उघडतं तेच आत अडकलंय. किल्ली एकच, अर्थ तीन. मी सांगते ते वाचून विश्वास ठेवू नका, आज रात्री खरंच करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

या शेजारासाठी, जागेसाठी लोकांनी किती वेळ दिलाय बघा. रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन कलाकाराला जुन्या ऑफिस फर्निचरच्या दुकानात पेंढा भरलेला एक अंगोरा बोकड मिळाला. १९५५ ला त्याने काम सुरू केलं आणि ते संपलं १९५९ ला. आधी बोकड भिंतीवरच्या पॅनलवर चढवला, जमेना. मग पोटाभोवती मोटारीचा टायर घातला आणि एका उभ्या पॅनलच्या पुढ्यात उभा केला, तेही जमेना, शेवटी पॅनल जमिनीवर आडवं पाडलं आणि त्याच्या मधोमध बोकड उभा केला, जणू कुरणात उभा आहे, आणि कुरण म्हणजे रंगवलेला, कागद-फळ्या चिकटवलेला कॅनव्हास. बोकड तोच होता, बदलत गेली ती त्याची उभं राहायची जागा. 'मोनोग्राम' नाव आहे त्याचं, स्टॉकहोमच्या मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये आहे.

आता तुमच्या तीन खोक्यांचं काय करायचं. सगळ्या वस्तू एकदम जमिनीवर पांढऱ्या चादरीवर ओता आणि त्यातली अशी एक वस्तू उचला जी तुम्ही का उचलली होती ते तुम्हालाच सांगता येत नाही. सुंदर आहे म्हणून उचललेली नको, जिच्यात जीव अडकलाय पण कारण माहीत नाही अशी. तिच्याशेजारी एकेक करून दुसऱ्या वस्तू ठेवत जा, प्रत्येक जोडीचा मोबाइलवर फोटो काढा, आणि गोंदाला आठवडाभर हात लावू नका. आठवड्यानंतर फोटो बघा, ज्या जोडीपाशी अंगठा स्क्रीनवर थांबतो ती घ्या. मग तिसरी वस्तू, जमली तर चौथी. आणि मग उलट दिशेने या, एकेक वस्तू काढून बघा, काढल्यावर काही बिघडलं नाही तर ती परत खोक्यात. माझ्या त्या चाळीस वस्तूंपैकी शेवटी तीनच राहिल्या, काटे नसलेली घड्याळाची तबकडी, माझ्या मुलीचा पडलेला दुधाचा दात आणि एक बिजागरी, कारण मला तो बॉक्स उघडावा लागेल असा हवा होता. तबकडीच्या मधोमध जिथे काट्यांची खीळ असते तिथे तो दात आहे. आता लोक पुढे जात नाहीत, झाकण उघडतात, थांबतात, आणि बहुतेक जण स्वतःच्या मुलांबद्दल काहीतरी बोलायला लागतात.

प्रश्न: माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेल्याला दीड वर्ष झालं. त्यांची टूलपेटी, सोल्डरिंग गन, चष्मा, हाताने काढलेल्या सर्किटच्या चिठ्ठ्या असं सगळं माझ्याकडे आहे. यातून काहीतरी करावं असं फार वाटतं पण तोडायला, चिकटवायला हात धजत नाही. भाऊ म्हणतो उगाच स्मारक होऊन बसेल. काय करू?

उत्तर: हात धजत नाही तर नका तोडू, अगदी खरं सांगते, या कामात तोडणं-चिकटवणं सक्तीचं नाहीच मुळी.

चीनमधल्या सोंग डोंग या कलाकाराचे वडील २००२ मध्ये अचानक गेले आणि त्याची आई आतून पार कोसळली. तिला आधीपासूनच काहीही टाकून न द्यायची सवय होती, टंचाईच्या काळातून आलेली बाई, साबणाचा तुकडासुद्धा जपून ठेवलेला, आणि नवऱ्याच्या जाण्यानंतर ती घर आणखीच भरत सुटली. मुलाने काय करावं, तर आईलाच बरोबर घेतलं आणि २००५ मध्ये बीजिंगला त्या घरातल्या सगळ्याच्या सगळ्या वस्तू, दहा हजारांहून जास्त, एका मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर ओळीने मांडल्या. बाटल्या बाटल्यांपाशी, चपला चपलांपाशी, टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूब, कापडाच्या घड्या, मध्ये घराचा लाकडी सांगाडासुद्धा. लावायचं काम आईचं. ती तिथे बसायची, येणाऱ्या लोकांशी त्या वस्तूंबद्दल बोलायची. 'वेस्ट नॉट' या नावाने पुढे हे काम जगभर फिरलं. त्यात काही चिकटवलेलं नाही, काही बदललेलं नाही. फक्त क्रम लावलाय. आणि वर निऑनच्या अक्षरांत वडिलांना उद्देशून लिहिलेलं, की काळजी करू नका, आई आणि आम्ही सगळे ठीक आहोत.

मला हे काम जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा असं वाटतं की मांडणं हेच किती मोठं काम आहे, हातात एकेक वस्तू घेऊन तिची जागा ठरवणं म्हणजे त्या माणसाबरोबर आणखी थोडा वेळ बसणंच की.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. टूलपेटी हाच बॉक्स करा, वेगळी फ्रेम आणू नका. आतल्या वस्तूंपैकी ज्यावर वडिलांच्या हाताची खूण आहे ती शोधा. अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा, घामाने काळी पडलेली मूठ, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेली टेप. एखादी तरी असणारच. तिला पेटीत सगळ्यात जास्त मोकळी जागा द्या, बाकीच्यांनी थोडं सरकून बसावं. चिठ्ठ्यांच्या मूळ प्रती वापरूच नका, चांगल्या कागदावर कॉपी काढा आणि मूळ चिठ्ठ्या अंधारात सपाट ठेवा, उजेडाने शाई उडते. सगळं तांब्याच्या तारेने बांधा, त्यांच्या कामातलीच तार असेल ना घरात, म्हणजे उद्या वाटलं तर सगळं सुटं करता येतं आणि सोल्डरिंग गन परत सोल्डरिंग गन होते.

आणि भावाची भीती एका बाबतीत बरोबर आहे. वडिलांचा फोटो मधोमध लावू नका. फोटो लावला की बाकी सगळ्या वस्तू त्याच्याभोवतीची सजावट होतात आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही. फोटो नसला की बघणारा त्या चष्म्याच्या मागे स्वतः चेहरा शोधतो.

पेटी करताना मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, वर्षभराने पुढे न्या, या कामाला डेडलाइन नाही.

प्रश्न: ग्लू गनने लावलेलं सगळं उन्हाळ्यात गळून पडलं. नेमका कुठला गोंद वापरायचा?

उत्तर: ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळवूनच लावतो आपण, त्यामुळे उष्णतेने तो परत मऊ होणारच, आणि गुळगुळीत धातूला, काचेला तर तो थंडीतही सुटतो. तात्पुरतं धरून ठेवायला ठीक. लाकूड, कागद, पुठ्ठा, कापड अशा शोषून घेणाऱ्या गोष्टी एकमेकांना लावायच्या तर पांढरा गोंद उत्तम. धातू, काच, दगड, चिनी माती यांना दोन ट्यूब मिसळून लावायचा एपॉक्सी, पण आधी दोन्ही पृष्ठभाग पुसून, तेल काढून, पॉलिश पेपरने थोडे खरवडून घ्या, निम्मी कामं या एका आळसामुळे सुटतात. झटपट चिकटणारा सुपरग्लू ठिसूळ असतो आणि काचेवर, चकचकीत प्लास्टिकवर आजूबाजूला पांढरी धुरकट झाक सोडतो जी नंतर निघता निघत नाही.

पण खरं विचाराल तर वजनदार वस्तूला गोंद हा पहिला उपाय नसावा. स्क्रू, नट-बोल्ट, तार, खिळा, दोरा, खाच पाडून बसवणं, हे सगळं आधी बघा. तारेचा पीळ दिसला तर दिसू दे, तोही कामाचाच भाग आहे.

थोडं आणखी, कारण याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. गंज आवडतो म्हणून ठेवायचा असेल तर सुटा गंज ब्रशने झाडून वर मेणाचा पातळ हात द्या. जुन्या लाकडात बारीक भोकं आणि ताजा भुगा दिसला तर आत किडा जिवंत आहे, तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मगच बाकीच्या वस्तूंजवळ न्या. जुन्या खेळण्यातले सेल आधी काढा, ते फुटून गळतात. जुना रंग लावलेलं लाकूड कोरडं घासू नका, त्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ शरीरात जाणं फार वाईट. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुटतोच, तो बदल हवा असेल तर वापरा, नको असेल तर कॉपी. आणि पक्ष्यांची पिसं, प्राण्यांची हाडं, शिंगं सापडली तरी आधी कायदा बघा. राउशेनबर्गच्याच १९५९ च्या 'कॅन्यन' मध्ये पेंढा भरलेला बाल्ड ईगल आहे, आणि अमेरिकेत त्या पक्ष्याच्या खरेदी-विक्रीवर १९४० पासून बंदी, त्यामुळे मालकीण वारल्यावर वारसांपुढे असा पेच आला की काम विकता येत नाही पण टॅक्स खाते त्याची किंमत साडेसहा कोटी डॉलर धरून कर मागतंय. शेवटी २०१२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला देऊन टाकलं तेव्हा सुटले.

प्रश्न: सगळ्या वस्तूंना एकच रंग मारला की एकदम प्रोफेशनल दिसतं असं एका व्हिडिओत पाहिलं. मारू का?

उत्तर: हे तुम्ही पाहिलंत त्याच्या मागे कुठेतरी लुईझ नेव्हेलसन ही अमेरिकन शिल्पकार आहे. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ती राहायची त्या भागातली जुनी घरं पाडली जात होती, नवीन वस्ती उभी करायला, आणि ही बाई रस्त्यावर टाकलेलं लाकूड गोळा करत फिरायची. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, दाराच्या चौकटी, नक्षीदार पट्ट्या. खोक्यांमध्ये ते रचायची, खोक्यांवर खोके चढवायची आणि सगळ्याला काळा रंग. १९५८ चं 'स्काय कॅथीड्रल' अकरा फुटांहून उंच आणि दहा फूट रुंद आहे, भिंतच एक. तिचे वडील लाकडाच्याच धंद्यात होते हेही इथे आठवतं.

आता तिने रंग का मारला ते बघा. शंभर घरांचं शंभर रंगांचं लाकूड होतं, रंग तसाच ठेवला असता तर नजर रंगांमागे पळाली असती. काळ्यामुळे रंग गेला आणि सावली उरली, आता कुठला तुकडा कुठे संपतो ते पटकन कळतच नाही, पण जवळ गेलं की अरे हा तर खुर्चीचा पाय, असं एकेक उलगडत जातं. म्हणजे तिने ओळख पुसली नाही, ती उशिरा होईल अशी व्यवस्था केली. यात मला तिची खरी हुशारी दिसते.

तुमच्या वस्तूंमध्ये आकार वेगवेगळे आणि ठळक असतील तर एक रंग कमाल करेल. पण वस्तूंचं जे काही आहे ते त्यांच्या पृष्ठभागावर असेल, लेबल, गंज, हाताळल्याच्या खुणा, कोणीतरी पेनने लिहिलेलं नाव, तर रंगाने तेच मरेल आणि एकदा मारलेला रंग मागे घेता येत नाही. रंगाचा डबा उघडायच्या आधी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, त्यात काम जास्त चांगलं वाटलं तर रंगाचा विचार करा.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. रद्दीत मला एका अनोळखी कुटुंबाचा पूर्ण फोटो अल्बम मिळाला. आणि दुसरीकडे एक जुनं खेळणं मिळालं ज्यात काळ्या माणसाची टिंगल केलेली आहे, फुगवलेले ओठ वगैरे. दोन्ही कामात वापरायचा मोह होतोय पण बरोबर आहे का ते कळत नाही. ताई, तुम्ही काय केलं असतं?

उत्तर: हे विचारलंस ते फार बरं केलंस, कारण सापडलेली वस्तू म्हणजे फुकटची वस्तू असं समजून लोक काहीही करतात.

खेळण्याबद्दल आधी. बेटी सार ही कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकार १९२६ ची, लॉस एंजेलिसची. लहानपणी आजीकडे वॉट्स भागात जायची तेव्हा तिथे सायमन रोडिया नावाचा मजूर फुटक्या बश्या, बाटल्या, शिंपले लावून एकट्याने उंचच उंच मनोरे बांधत होता, ते तिने डोळ्यांनी बघितले. पुढे तिने अशाच टिंगलीच्या वस्तू मुद्दाम गोळा केल्या. त्यात एक बाहुली होती, नोटपॅड धरायचा स्टँड, जाडजूड हसरी कृष्णवर्णीय मोलकरीण, आंट जेमायमा म्हणून पॅनकेकच्या पिठाच्या पाकिटावर जी बाई असायची ती. १९७२ मध्ये सारने तिला एका उथळ पेटीत उभं केलं, एका हातात झाडू राहू दिला आणि दुसऱ्या हाताशी बंदूक दिली, मागे त्याच पाकिटावरचा चेहरा पुन्हा पुन्हा, वॉलपेपरसारखा, पायाशी कापूस. पेटी बारा इंचांच्या आत आहे, एवढीशी, पण बघताना अंगावर येते. लक्षात घे, तिने त्या बाहुलीचा चेहरा दुरुस्त केला नाही. अपमान तसाच ठेवला आणि अपमान सोसणाऱ्या बाईच्या हातात ताकद दिली.

पण ती हे करू शकली कारण तो अपमान तिच्याच माणसांचा होता, ती कशाशी खेळतेय हे तिला हाडामासात माहीत होतं. तू त्या खेळण्याला कुठून हात घालणार आहेस? त्याबद्दल तुला खरोखर काही म्हणायचंय, की ते नुसतं दणकेबाज दिसतं म्हणून हवंय? उत्तर दुसरं असेल तर ठेवून दे. मी ठेवून दिलं असतं. त्याऐवजी तुझ्या स्वतःच्या घरात, तुझ्या शाळेच्या पुस्तकात, तुझ्याबद्दल काय बोललं-छापलं गेलंय ते शोध, तिथे तुझा हक्क आहे आणि तिथे तू घाबरत घाबरत का होईना खरं बोलशील.

अल्बमचं वेगळं. ती माणसं कोण ते कळण्यासारखं असेल, मागे नावं, पत्ते असतील, तर आधी परत द्यायचा प्रयत्न कर, कोणाकडून तरी चुकून रद्दीत गेला असेल. अजिबात पत्ता लागला नाही आणि वापरायचाच असेल तर मूळ फोटो कापू नकोस, कॉपी घे, आणि चेहऱ्यांची थट्टा होईल असं काही करू नकोस. मला स्वतःला तर चेहऱ्यांपेक्षा अल्बममधल्या रिकाम्या जागा जास्त बोलक्या वाटतात, जिथला फोटो कोणीतरी काढून घेतलाय आणि फक्त चार कोपरे राहिलेत. तेवढ्यावर एक पूर्ण काम उभं राहील.

प्रश्न: गोळा करणं थांबतच नाही. घरचे वैतागलेत. कुठे थांबायचं?

उत्तर: घरच्यांची बाजू मला पटते. जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन कलाकाराकडे तळघर होतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या छोट्या घरात आई आणि आजारी भावाबरोबर राहायचा, कला कुठे शिकलेला नाही, चित्र काढता येत नव्हतं म्हणायचा, दिवसा कापडाच्या धंद्यात नोकरी आणि मोकळ्या वेळात जुन्या पुस्तकांची, किरकोळ वस्तूंची दुकानं पालथी घालायची. पण तो नुसता साठवत नव्हता. वस्तू डब्यांत वर्गवारीने, डब्यांवर नावं, आणि ज्या विषयाने झपाटलं त्याची वेगळी फाइल, कधी एखाद्या नर्तकीवर, कधी एखाद्या नटीवर, आणि अशा फायली वर्षानुवर्षं चालू. मग त्यातून काचेमागच्या त्या लहान पेट्या झाल्या, मातीचे पाइप, नकाशे, पोपट, वाइनचे ग्लास असलेल्या.

तेव्हा थांबू नका, पण लावा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा, कुठे सापडली, कधी, आणि त्या दिवशी काय चाललं होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. चंदिगडचं नवीन शहर उभं राहत होतं तेव्हा रस्ते खात्यात काम करणारा नेकचंद पाडलेल्या गावांतल्या फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा उचलून जंगलात लपवून ठेवायचा आणि त्यातून माणसं, प्राणी घडवायचा, बरीच वर्षं कोणाला पत्ता नव्हता, १९७६ मध्ये ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. त्या बांगड्या कुठल्या ते माहीत असल्यावर ती सगळी माणसं वेगळीच दिसायला लागतात.

वर्षभरात ज्या डब्याला हात लागला नाही तो दुसऱ्या कुणा गोळा करणाऱ्याला देऊन टाका. पण घाई नको, एल अनात्सुई या घानाच्या शिल्पकाराला नायजेरियात १९९८ च्या सुमारास रस्त्याकडेला दारूच्या बाटल्यांच्या बुचांची एक पिशवी सापडली, ती स्टुडिओत कित्येक महिने नुसती पडून होती. मग तो ती बुचं चपटी करून तांब्याच्या तारेने शिवायला लागला आणि त्यातून भिंत झाकणारे ते सोनेरी-लाल पडदे झाले, लांबून भरजरी वस्त्र आणि जवळून दारूची लेबलं, तीच दारू जी युरोपियन व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत आणली आणि गुलामांच्या व्यापारातही मोबदला म्हणून दिली.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, वय ९ ते ११ च्या मुलांबरोबर हे करायचंय. मुलं पाच मिनिटांत सगळं चिकटवून मोकळी होतात. कसं करू?

उत्तर: पहिल्या दिवशी गोंद वर्गात आणूच नका. प्रत्येकाने एक वस्तू आणायची, विकत घेतलेली नाही, आणि तिच्याबद्दल काहीही सांगायचं नाही. वस्तू दुसऱ्याला द्यायची आणि दुसऱ्याने ती कोणाची होती, कशाला वापरली असेल, का तुटली असेल ते सांगायचं. मुलं यात इतकी रमतात की तास कमी पडतो. दुसऱ्या दिवशी दोघांच्या दोन वस्तू मिळून एकच पेटी, म्हणजे भांडण होणार, कुठे ठेवायची यावरून, आणि तेच हवंय, कारण भांडताना ती बोलतात, 'इथे ठेवली तर ती एकटी वाटते', असं एका मुलीने माझ्यासमोर म्हटलं होतं, मला मोठ्यांना हे समजवायला किती वाक्यं लागतात. गोंद तिसऱ्या दिवशी, तोही पांढराच. टोकदार वस्तू, काच, जुना रंग, सेल हे आधी तुम्ही स्वतः बाजूला काढा.

आणि प्रदर्शन लावाल तेव्हा पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, मोठ्यांच्या नाही. कॉर्नेलने १९७२ मध्ये, तो गेला त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये खास मुलांसाठी आपल्या पेट्यांचं प्रदर्शन केलं होतं, त्यात पेट्या खाली, मुलांना सरळ आत बघता येईल अशा टांगल्या होत्या आणि बघायला आलेल्या मोठ्यांना वाकावं लागलं होतं.